ढोल-ताशाचं आभासी वाद्य बनवताना शेकडो ठोके कसे लावून ठेवायचे

ताशाच्या पहिल्या आवृत्तीत माझ्याकडे ११२ चांगले ठोके होते. आवाज स्वच्छ, पातळी नीट, कुठे खरखर नाही. तरीही कीबोर्डवर वाजवायला घेतलं की ताशा लंगडायचा. ज्यांनी ते ठोके वाजवून दिले होते, त्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या काकांना ऐकवलं. दोन आवर्तनं ऐकून ते म्हणाले, "अरे, डावा हात कुठे ठेवलास?"

चूक रेकॉर्डिंगची नव्हती, मांडणीची होती. एकाच ठोक्याची वेगवेगळी रेकॉर्डिंग आळीपाळीने वाजावीत म्हणून सॅम्पलरमध्ये, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज कीबोर्डवरून वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, राउंड रॉबिनची सोय असते. मी उजव्या आणि डाव्या काडीचे सगळे ठोके त्या एकाच यादीत टाकले होते. त्यामुळे उजवा, उजवा, डावा, उजवा, डावा, डावा असं काहीही यायचं. ताशा वाजवणाऱ्याचे दोन हात सारखे नसतात. जड हात आणि हलका हात यांच्या आलटून-पालटून येण्यातच तर्रीचा, म्हणजे ताशाच्या सलग जलद ठोक्यांचा, डौल असतो, आणि तोच मी यादीत मिसळून टाकला होता.

त्यानंतर ढोल आणि ताशा दोन्ही मी नव्याने बांधले. ती पद्धत इथे क्रमाने देतो. उदाहरणं ढोल-ताशाची असली तरी ढोलकी, संबळ, डफ किंवा साधा ड्रमसेट असला तरी मांडणीचं तत्त्व तेच राहतं.

आधी फरकाची कारणं वेगळी करा

दोन ठोके वेगळे ऐकू येतात, त्यामागे चार प्रकारची कारणं असतात. कुठे आणि कशाने मारलं, हे पहिलं: टिपरू (ढोलाची काडी) मध्यावर की कडेला, थापी (हाताने मारलेला ठोका) उघडी की दाबलेली. कोणत्या हाताने मारलं, हे दुसरं. तिसरं म्हणजे किती जोराने. आणि चौथं म्हणजे ज्याला कारणच सांगता येत नाही असा नैसर्गिक फरक. तोच माणूस, तोच हात, तोच जोर, तरी दोन ठोके हुबेहूब सारखे येत नाहीत.

राउंड रॉबिनमध्ये जायचा हक्क फक्त या चौथ्या फरकाला आहे. ज्या फरकाचं कारण सांगता येतं, तो वाजवणाऱ्याच्या हातात राहिला पाहिजे. सॅम्पलरने तो आपल्या मनाने निवडता कामा नये. माझ्या मते अख्ख्या मांडणीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच आहे. तो रेकॉर्डिंगच्या आधी कागदावर झाला तर पुढचं काम सरळ जातं.

माझ्या कामात ठोक्याच्या प्रकाराला मी 'जात' म्हणतो, जोराच्या पातळीला 'थर' आणि राउंड रॉबिनला 'फेर'. पुढे हेच शब्द वापरतो.

कागदावर हिशेब

एका ढोलाचे मी पाच ठोके धरले: टिपरू मध्यावर, टिपरू कडेला, टिपरू खोडाच्या कडेवर, थापी उघडी, थापी बंद. प्रत्येकाचे जास्तीत जास्त ६ थर आणि दर थरात ५ फेर. म्हणजे १५० ठोके. एक माइक टिपरूच्या बाजूला, एक थापीच्या बाजूला आणि दीड मीटरवर एक स्टिरिओ जोडी. प्रत्येक ठोक्याच्या तीन फाइली होतात, म्हणजे एका ढोलाच्या ४५० फाइली.

जागेचा हिशेब असा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला एक चॅनल सेकंदाला १,४४,००० बाइट घेतो. ठोका सरासरी ३ सेकंदांचा, चॅनल चार, ठोके १५०. एकूण सुमारे २६ कोटी बाइट, म्हणजे अंदाजे २६० एमबी. आजच्या डिस्कला हे ओझं नाही. ओझं आहे ते ४५० फाइलींची नावं आणि जागा सांभाळण्याचं.

पाच फेर का, चार का नाहीत? केरवा तालाचं आवर्तन ८ मात्रांचं. त्यात एका जातीचे ८ ठोके पडत असतील आणि फेर ४ असतील, तर प्रत्येक समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, नेमकं तेच रेकॉर्डिंग येतं. कान ते तिसऱ्या-चौथ्या आवर्तनात पकडतो. फेर ५ किंवा ७ ठेवले की समेवरचा ठोका दर आवर्तनाला बदलतो. म्हणून ४ आणि ८ हे आकडे मी टाळतो.

रेकॉर्डिंग: ठाण्यात कधी आणि कुठे

माझा पहिला प्रयत्न ऑगस्टमधला होता. गणपतीच्या सरावाने वादकांचे हात तयार असतात, म्हणून तो महिना निवडला. वागळे इस्टेटमध्ये एक गाळा मिळाला, त्याला पत्र्याचं छप्पर. दुपारी पाऊस आला आणि हलक्या थरांचे सगळे टेक वाया गेले. जोराचे ठोके वाचले, कारण ढोलापुढे पाऊस ऐकू येत नाही. पण 'हळू' या शब्दाला अर्थ असलेला एकही ठोका उरला नाही.

आता मी फेब्रुवारी निवडतो. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेचा सराव तेव्हा सुरू असतो, हवा कोरडी असते, पंखा बंद ठेवून माणसं तासभर बसू शकतात. फायबरचं पान (वाद्याच्या तोंडावर ताणलेला पडदा) हवेने फारसं बदलत नाही, पण कातडी पान दमट हवेत सैल पडतं आणि ताशा दर थोड्या वेळाने शेकावा लागतो. शेकलेल्या आणि न शेकलेल्या ताशाचे ठोके एका यादीत आले की फेर बदलताना सूरच हलतो. शेजारच्या गाळ्याला सुट्टी कधी असते तेही विचारून ठेवा. कॉम्प्रेसरची घरघर हलक्या ठोक्यांच्या शेपटीत, म्हणजे विरत जाणाऱ्या आवाजात, शिरते आणि नंतर निघत नाही.

वादकाला "तिसऱ्या व्हेलॉसिटीने वाजवा" असं सांगू नका (व्हेलॉसिटी म्हणजे कीबोर्डची पट्टी किती जोराने दाबली त्याचा आकडा). त्याला ती भाषा नको असते आणि ती लागूही पडत नाही. मी म्हणतो, "काका, घरात बाळ निजलंय असं समजून वाजवा." मग "तलावपाळीवर चार जण ऐकतायत." मग "यात्रा निघाली." आणि शेवटी "कोपिनेश्वरासमोर आलोय." या चार प्रसंगांत जोर आपोआप चढतो आणि प्रत्येक प्रसंगात १५ ते २० ठोके मिळतात. दोन ठोक्यांत पुरता शांत अवकाश हवा. ढोल पूर्ण थांबेपर्यंत वादकाने हलायचं नाही, टिपरूही खाली ठेवायचं नाही.

एका जातीचे ६० ते ८० ठोके घ्या, लागणारे ३० असले तरी. निवड नंतर होते.

ताशाच्या बाबतीत एक जास्तीची गोष्ट करावी लागते. थांबून, काडी उचलून मारलेला एकेक ठोका आणि चालत्या हातातून निसटलेला ठोका यांचा आवाज वेगळा असतो. तर्रीमध्ये काडी पानावरून उसळते, मनगट सैल असतं. म्हणून सुटे ठोके घेतल्यावर मी काकांना संथ लयीत, सेकंदाला साधारण ४ ठोके, न थांबता वाजवायला सांगतो. ताशाची शेपटी आखूड असल्यामुळे दोन ठोक्यांमधला पाव सेकंद कापायला पुरतो. हे 'चालते ठोके' मी सुट्या ठोक्यांपासून वेगळी जात म्हणूनच ठेवतो. आवृत्ती दोनमध्ये तर्री जिवंत वाटायला लागली, त्यात यांचा वाटा सर्वांत मोठा आहे.

प्रत्येक टेकच्या सुरुवातीला तोंडाने सांगा: कोणता ढोल, कोणती बाजू, कोणता हात, टेक कितवा. तीन महिन्यांनी हाच आवाज तुम्हाला वाचवतो.

आणि वादकांशी आधीच कागद करा. आपले ठोके एका वाद्यात जाणार, ते वाद्य विकलं जाणार किंवा फुकट वाटलं जाणार, मोबदला किती, नाव छापायचं की नाही, हे सगळं लिहून द्या. पथकातल्या मुलांना सॅम्पल लायब्ररी म्हणजे काय ते माहीत नसतं. समजावून सांगणं आपलं काम आहे.

कापणी

सगळे माइक एकाच जागी कापा, हा इथला एकमेव कडक नियम. दीड मीटरवरच्या जोडीपर्यंत आवाज पोचायला सुमारे ४.४ मिलिसेकंद लागतात. प्रत्येक माइकची फाइल तिच्या तिच्या पहिल्या आवाजापासून कापली, तर हे अंतर बिघडतं आणि माइक एकत्र वाजवले की ढोलाचा आवाज बदलतो. जवळच्या माइकवर सुरुवात शोधा आणि तीच वेळ सगळ्या माइकना लावा. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हे ट्रॅक गटात बांधून सहज होतं: आवाजाच्या पातळीवरून आपोआप तुकडे, प्रत्येक तुकड्याला एक रीजन (नाव दिलेला भाग), आणि रीजनच्या नावाने सगळ्या ट्रॅकच्या फाइली काढणं.

शेवटी छोटासा फेड-आउट द्या. नॉर्मलाइज, म्हणजे सगळ्यांची पातळी सारखी, मात्र करू नका. एकदा सगळ्या फाइली एका उंचीच्या झाल्या की हलका ठोका कोणता आणि जोराचा कोणता, याचा मोजता येणारा पुरावाच जातो.

थर मोजून ठरवा

वादकाला जो जोर अभिप्रेत होता, तो आणि प्रत्यक्षात पडलेला, यांत फरक असतो. 'यात्रा निघाली'मधले काही ठोके 'तलावपाळी'पेक्षा हळू निघतात. म्हणून प्रसंगाचं नाव थराला देऊ नका. मोजा.

मी लांबच्या स्टिरिओ जोडीवर पहिल्या २०० मिलिसेकंदांची सरासरी पातळी मोजतो. नुसता पीक (आवाजाचा सर्वांत उंच क्षण) फसवतो, कारण टिपरूच्या टकटकीने पीक चढतो आणि अंगात जोर नसतो. जवळचा माइकही फसवतो, कारण ठोका दोन बोटं इकडेतिकडे पडला तरी त्याची पातळी बदलते. लांबच्या जोडीला ढोल जसा माणसाला ऐकू येतो तसाच येतो.

ते आकडे एका स्प्रेडशीटमध्ये उतरवा. एका ठोक्याला एक ओळ: अनुक्रमांक, वाद्य, जात, हात, टेक, मोजलेली पातळी, थर, फेर, घ्यायचा की नाही, शेरा. पातळीनुसार यादी लावा. सर्वांत हळू ठोका उणे ४४ डेसिबल आणि सर्वांत मोठा उणे ८ असेल, तर मधे ३६ डेसिबल आहेत, म्हणजे ६ थर प्रत्येकी ६ डेसिबलचे. ठोक्यांची संख्या समान वाटून थर पाडू नका. वादक मधल्या जोरात जास्त ठोके देतोच, त्यामुळे मधले थर एकमेकांना चिकटतात आणि टोकाचे थर पसरट होतात.

सगळ्या जातींना सारखेच थर लागत नाहीत. माझ्या बंद थापीचा सगळा पल्ला १८ डेसिबलचा निघाला, तिला तीन थर पुरले. तिथे ओढूनताणून सहा केले असते तर एकाच ठोक्याला दोन नावं दिल्यासारखं झालं असतं.

आता एका थरातले ठोके थराच्या मध्याकडे आणा. ६ डेसिबलच्या थरात कोणालाही ३ डेसिबलपेक्षा जास्त हलवावं लागत नाही. जो बदल एका माइकला तोच त्या ठोक्याच्या सगळ्या माइकना. अगदी एका रेषेत आणू नका, अर्धा-एक डेसिबलचा फरक राहू द्या. एखाद्या थरात पाचऐवजी तीनच ठोके मिळाले, तर शेजारच्या थराच्या सीमेवरचे दोन उसने घेऊन पातळी जुळवता येते. शेऱ्यात मात्र 'उसना' असं लिहा, म्हणजे पुढच्या रेकॉर्डिंगला काय मागायचं ते कळतं.

मग कानाने तपासा. एका थराचे पाचही ठोके ओळीने १२५ मिलिसेकंदांच्या अंतराने वाजवा, म्हणजे १२० लयीतल्या चौपटीत. पाच वेगळे ढोल वाटले तर एखादा ठोका चुकीच्या थरात किंवा चुकीच्या जातीत आहे. एकच ढोल आणि एकच माणूस वाटला, पण मशीनगनसारखं एकसुरी येत नाही, तर थर जमला. आकडा आणि कान यांत मतभेद झाला की मी कानाचं ऐकतो.

नावं

फाइलीच्या नावात क्रम नेहमी एकच: वाद्य, जात, हात, थर, फेर, माइक. इथे देवनागरीत लिहितो. प्रत्यक्ष फाइलीत मात्र छोटी रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर एवढंच वापरा, म्हणजे कोणत्याही संगणकावर अडत नाही.

ढोल१_टिपमध्य_०_थ०४_फ०३_जवळटिप
ढोल१_टिपमध्य_०_थ०४_फ०३_जवळथापी
ढोल१_टिपमध्य_०_थ०४_फ०३_लांब
ताशा१_चालता_डा_थ०२_फ०५_लांब

हात लागू नसेल तिथे शून्य, पण रकाना रिकामा नाही. आकडे दोन अंकी, नाहीतर १० हा २ च्या आधी येऊन बसतो. थ०१ म्हणजे सर्वांत हळू. 'नवीन', 'फायनल', 'चांगला' असे शब्द नावात नकोत, त्यांची जागा शेऱ्यात. फोल्डर वाद्य आणि जात एवढ्याच दोन पायऱ्यांचे ठेवा. बाकी सगळं नाव सांगतंच. मूळ टेक वेगळ्या फोल्डरमध्ये, त्यांना हात लावायचा नाही.

सॅम्पलरमध्ये मांडणी

मी एसएफझेड वापरतो. ती साधी मजकुराची फाइल असते, आणि स्फोर्झांडो किंवा एसफिझ या फुकट सॅम्पलरमध्ये उघडते. तिचा खरा फायदा असा की स्प्रेडशीटच्या प्रत्येक ओळीतून सूत्राने दर माइकला एसएफझेडची एक ओळ तयार होते. ठोका एका थरातून दुसऱ्यात हलवायचा तर शीटमध्ये एक आकडा बदला आणि फाइल पुन्हा काढा. हाताने ४५० ओळी ओढत बसायचं नाही.

थराच्या सीमा लोवेल आणि हायवेल या दोन आकड्यांनी ठरतात. मिडी म्हणजे कीबोर्डकडून संगणकाला जाणारे संकेत, त्यात व्हेलॉसिटी १ ते १२७. सहा समान भाग सोपे वाटतात, पण बहुतेक हात ६० ते ११० मध्येच खेळतात. म्हणून तिथे पट्टे अरुंद ठेवले: १–२४, २५–४८, ४९–७०, ७१–९०, ९१–११०, १११–१२७. एका पट्ट्याचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात यांत फट राहिली तर तेवढ्या जोराला वाद्य मुकं होतं. एकमेकांवर चढले तर दोन ठोके एकदम वाजतात. शीटमध्ये ही तपासणी एका सूत्राने होते, ती करून ठेवा.

फेरासाठी सेक-लेंग्थ आणि सेक-पोझिशन. पाच फेर असतील तर लेंग्थ ५, पोझिशन १ ते ५. लोरँड-हायरँडने यादृच्छिक निवडही करता येते, पण तिच्यात तोच ठोका लागोपाठ दोनदा येऊ शकतो. ताशासारख्या जलद वाद्यात ते लगेच कळतं. मी क्रमवार फेरच ठेवतो.

आता हात. उजवी काडी एका पट्टीवर, डावी शेजारच्या पट्टीवर, दोघींचे फेर स्वतंत्र. उजवा-डावा आपोआप आलटून देणारी तिसरी पट्टी करायचा मोह होतो. मीही ती केली होती. पण काही सॅम्पलरमध्ये प्रत्येक थराची मोजणी वेगळी चालते, आणि जोर थराच्या सीमेवर खालीवर झाला की क्रम तुटतो. संथ ठेक्याला ती चालते. तर्री लिहायची तर दोन पट्ट्या आणि दोन बोटं, जशा दोन काड्या आणि दोन हात.

आवाजाच्या पातळीकडे इथे लक्ष हवं. एसएफझेडमध्ये व्हेलॉसिटीने आवाज कमी-जास्त होणं आधीच सुरू असतं. ६४ व्हेलॉसिटीला सुमारे १२ डेसिबलची घट होते. आपल्या थरांमध्ये खरी पातळी आधीच आहे, त्यावर ही घट आली की हलके ठोके ऐकूच येत नाहीत. अँप-व्हेलट्रॅक मूळ १०० असतं, मी ते २० ते ३० वर आणून कानाने ठरवलं. शून्य केलं तर थर बदलताना पायरी ऐकू येते.

बंद थापीने उघड्या थापीचा नाद थांबला पाहिजे. त्यासाठी दोघींना वेगवेगळे ग्रुप देऊन उघडीला ऑफ-बायमध्ये बंदचा ग्रुप द्या. ऑफ-मोड मूळ 'फास्ट' असतो, आणि ढोलाचा खर्ज असा चटकन कापला की टिक ऐकू येते. तो 'नॉर्मल' करून रिलीज सेकंदाच्या दहाव्या भागाइतका ठेवा. हाताचा तळवा पानावर टेकतो त्याला साधारण तेवढाच वेळ लागतो.

अनेक ढोलांचा ताफा

एका ढोलाचे ठोके मागेपुढे सरकवून वीस ढोल होत नाहीत. सहा वादक एकत्र उभे करून वेगळं रेकॉर्डिंग केलं, तीन थर, पाच फेर. इथे ठोके एका क्षणी पडत नाहीत, ते थोडे पसरतात, आणि तो पसराच पथकाचा आवाज आहे. पहिल्या वादकाच्या ठोक्यावर फाइल कापली तर वाद्य उशिरा वाजल्यासारखं वाटतं, आणि मध्यावर कापली तर पहिल्याचा ठोका जातो. मी सगळ्यांत मोठ्या ठोक्याच्या ३० मिलिसेकंद आधी सगळ्या फाइली सारख्याच कापल्या आणि वापरणाऱ्यासाठी तो आकडा माहितीपत्रात लिहिला, म्हणजे त्याला ट्रॅक तेवढाच आधी ओढता येतो.

तयार झाल्यावर

व्हेलॉसिटी १ ते १२७ चढती, मग उतरती, प्रत्येक जातीवर एकदा वाजवून संपूर्ण ऐका. एका जातीला दोन मिनिटंही लागत नाहीत. त्यानंतर एकाच जोरावर दीड मिनिट केरवा चालवा आणि समेकडे कान ठेवा.

आवृत्तीचा आकडा फोल्डरला द्या. लोकांच्या हाती वाद्य गेल्यावर जुन्या फाइलींचे क्रमांक बदलू नका. एखादा ठोका वाईट निघाला तर शीटमध्ये 'घ्यायचा नाही' लिहा. नवा ठोका आला तर त्याला फ०६. वापरणाऱ्याच्या जुन्या प्रकल्पात फ०३ जिथे आहे तिथेच राहायला हवा.

दुसरी आवृत्ती काकांकडे नेली तेव्हा कीबोर्डही नेला. उजवी पट्टी कोणती, डावी कोणती एवढंच दाखवलं. दोन तर्जन्यांनी त्यांनी हळूहळू तर्री धरली, मग लय वाढवली, आणि थांबून म्हणाले, "चालत्याचा डावा अजून थोडा हलका कर." शीट उघडून त्या जातीच्या डाव्या ओळी एका डेसिबलने खाली आणल्या, फाइल पुन्हा काढली, आणि चहा येईपर्यंत ते परत वाजवायला लागले होते.